वेल्डिंगच्या धुरातला धातू पेशीत कुठे जातो?

वसई पूर्वेला वालीव, सातिवलीच्या गाळ्यांमध्ये आपल्यातले कितीतरी जण वेल्डिंगचं काम करतात. पोलादात आणि वेल्डिंगच्या रॉडमध्ये मँगनीज हा धातू असतो. धुराबरोबर तो श्वासातून शरीरात जातो. थोडं मँगनीज शरीराला लागतंच. गहू, तांदूळ, डाळी, चहा यांतून ते मिळतं. पण वर्षानुवर्षे जास्त मँगनीज आत गेलं तर मेंदूवर परिणाम होतो. हात थरथरतात, चाल मंदावते, पार्किन्सनसारखी लक्षणं दिसू लागतात.

रक्त तपासलं तर रक्तात धातू किती आहे ते कळतं. पण पेशीच्या आत तो नेमका कुठे साठतो, हे रिपोर्टवरून कळत नाही. पेशी फोडून पाहावं तर ती मरते. मग जिवंत पेशीत पाहायचं कसं?

त्यासाठी शास्त्रज्ञ फ्लुओरोसंट सेन्सर बनवतात. या रेणूचे दोन भाग असतात. एक भाग ठरावीक धातूचा आयन पकडतो. दुसरा भाग रंगद्रव्याचा; त्यावर प्रकाश टाकला की तो चमकतो. धातू नसतो तेव्हा पकडणाऱ्या भागातले इलेक्ट्रॉन ही चमक दाबून ठेवतात. धातू आला की ते इलेक्ट्रॉन त्याच्यात गुंततात आणि रंगद्रव्य मोकळं होऊन चमकू लागतं. सूक्ष्मदर्शकाखाली जिथे उजेड दिसला, तिथे धातू आहे असं समजायचं.

पेशीतलं कॅल्शियम दाखवणारा फ्युरा-२ हा रेणू रॉजर त्सिएन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये जगापुढे आणला. मँगनीजचं काम मात्र अवघड होतं, कारण हा धातू स्वतःच रंगद्रव्याची चमक विझवतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. अंकोना दत्ता यांच्या गटाने ही अडचण सोडवली. मँगनीज पकडल्यावर विझण्याऐवजी चमकणारे रेणू त्यांनी बनवले, जिवंत पेशींत वापरून पाहिले आणि २०१५ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं.

ही पॅथॉलॉजी लॅबमधली तपासणी नव्हे, संशोधनाचं साधन आहे. मँगनीज पेशीला कुठे आणि कसं इजा करतं हे त्यातून समजलं, तर उद्या उपचाराची वाट सापडू शकते. आज आपल्या हातात आहे ती काळजी. गाळ्याचं शटर उघडं ठेवा, धूर बाहेर ओढणारा पंखा लावा, वेल्डिंगच्या धुरासाठीचा मास्क वापरा. तोंडाला रुमाल बांधून हा धूर अडत नाही.