सिद्धगडाच्या मुलखातील आजीबाईंची शाळा

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत, सह्याद्रीच्या पायथ्याशी भातशेतीवर जगणाऱ्या गावांमध्ये, ऐंशी-नव्वदीच्या घरातील स्त्रियांच्या आयुष्याचा हिशेब मांडू गेल्यास त्यात काम उदंड आणि कागद अगदी थोडा आढळतो. पावसाळ्यापूर्वी राब भाजणे, म्हणजे रोपांच्या वाफ्यावर पालापाचोळा पसरून तो जाळणे, मग लावणी, कापणी, झोडणी आणि या सगळ्याच्या जोडीला पाणी, सरपण, लेकरे, दुसऱ्याच्या घरचे बाळंतपण आणि शेजारचे आजारपण, एवढा पसारा त्यांनी सांभाळला. आणि तो इतका गृहीत धरला गेला की अडल्यानडल्यांसाठी दिलेल्या त्या वेळाला आज ज्याला स्वयंसेवा म्हणतात ते नाव कोणी दिले नाही.

या पिढीचे निरक्षर राहणे आळसातून किंवा अनास्थेतून आले, असे मानणे अन्यायाचे आहे, कारण तारखाच वेगळी गोष्ट सांगतात. १९३६ साली जन्मलेली स्त्री घेतली, तर २ जानेवारी १९४३ रोजी याच मुलखातल्या सिद्धगडावर स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले तेव्हा ती सहा-सात वर्षांची होती. १९५० मध्ये संविधान अमलात आले आणि त्याच्या ४५व्या अनुच्छेदाने १४ वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याची दिशा राज्याला दाखवली, त्याच वर्षी ती चौदाव्या वर्षात होती. पुढे २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, त्याने १५ ते ३५ हा वयोगट डोळ्यांसमोर ठेवला आणि तोपर्यंत तिने चाळिशी ओलांडली होती. स्वातंत्र्याने दिलेली ही दोन्ही मोठी वचने तिच्या वयाला निसटता स्पर्श करून पुढे गेली.

म्हणूनच मुरबाड तालुक्यातील फांगणे या गावी ८ मार्च २०१६ रोजी, जागतिक महिला दिनी सुरू झालेली ‘आजीबाईंची शाळा’ ही केवळ कौतुकाची बातमी ठरत नाही. शिवजयंतीच्या निमित्ताने गावात वाचन होत असता आपल्यालाही वाचता यावे अशी इच्छा वृद्ध स्त्रियांनी बोलून दाखवली आणि जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी मोतीराम दलाल धर्मादाय न्यासाच्या साहाय्याने ती प्रत्यक्षात आणली. विद्यार्थिनींचे वय ६० ते ९०, गणवेश गुलाबी साडीचा, हाती पाटी-पेन्सिल, आणि वर्गाची वेळ दुपारी दोन ते चार, म्हणजे घरची कामे उरकल्यावरची.

हातात कोयता-विळा घट्ट धरण्याची सवय असलेल्या बोटांना पेन्सिल हलकी धरणे हेच मुळात कठीण असते, शिवाय नजर अधू झालेली आणि कान मंद. नवशिक्यांना अक्षरे शिकवताना ‘अ आ इ’ऐवजी ‘ग म भ न’ने सुरुवात करण्याची मराठीत रुळलेली जी पद्धत आहे, तिचे मोल अशा वेळी कळते, या चारही अक्षरांत उभी रेघ समान असल्याने एक वळण बसले की पुढचे हाताला सापडते. जनगणनेच्या व्याख्येनुसार सात वर्षे व त्यावरील ज्या व्यक्तीला कोणत्याही भाषेत समजून वाचता आणि लिहिता येते तीच साक्षर, त्यामुळे निव्वळ सही येणे पुरेसे ठरत नाही. परंतु बँकेत अंगठ्याऐवजी स्वतःचे नाव लिहिणाऱ्या स्त्रीला त्या व्याख्येची वाट पाहण्याचे कारण नाही.

या शाळेतील सर्वांत विलक्षण बाब शिकवणाऱ्यांच्या नात्यात आहे. समाजसुधारक रमाबाई रानडे १८७३ मध्ये अकराव्या वर्षी लग्न होऊन सासरी आल्या आणि पतीच्या प्रोत्साहनाने लिहू-वाचू लागल्या, तेव्हा घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचाच त्यांना कडवा विरोध सोसावा लागला; तरीही त्यांनी शिक्षण सोडले नाही, आणि वैधव्यानंतर पुण्यातील सेवासदनातून इतर स्त्रियांना उभे करण्यात उरलेले आयुष्य घालवले. याउलट फांगण्यात गावातलीच एक सून शिक्षिका झाली आणि तिच्यासमोर पाटी घेऊन बसणाऱ्यांत तिची सासूही होती. घरातला मान वयाबरोबर चढत जातो अशा समाजात सासूने सुनेकडून चूक दुरुस्त करून घेणे, हा बदल अक्षरांहून मोठा मानावा लागेल.

मात्र उतारवयात आलेली साक्षरता वापराविना लवकर विरते. तिला मोठ्या टाइपातील सोपी पुस्तके, पोथ्या आणि ऐकणारे कोणीतरी लागते. सध्याचा ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रम १५ वर्षांपुढील सर्वांसाठी असून तो विनामोबदला शिकवणाऱ्या स्वयंसेवकांवर उभा आहे, पण त्यातही आधी १५ ते ३५ आणि नंतर त्यापुढील वय असा क्रम लावलेला आहे. ऐंशीच्या स्त्रीला ‘नंतर’ सांगणे म्हणजे नाही सांगणे होय. ज्यांच्या गावात दुपारी दोन तास मोकळी असणारी एखादी शिकलेली सून, लेक किंवा नात आहे, त्यांनी सरकारी क्रमाची वाट न पाहता आपल्या आजीच्या हाती पाटी द्यावी.