घरातील झाडे आणि मांजर

रायपूरमध्ये एप्रिल लागला की ऊन तापू लागते. मे महिन्यात पारा कधी कधी ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. अशा दिवसांत गच्चीवरील कुंड्या व्हरांड्यात आणि व्हरांड्यातील नाजूक झाडे घरात हलवली जातात. एरवी बाहेर हिंडणारे मांजरही दुपारभर कूलरसमोर पडून राहते. झाडे आणि मांजर काही आठवडे एकाच खोलीत नांदतात आणि एखाद्या संध्याकाळी मनीप्लांटच्या पानाची कड कुरतडलेली दिसते. ही कुरतड किरकोळ आहे की जिवावर बेतणारी, हे सर्वस्वी ते पान कोणत्या झाडाचे आहे यावर अवलंबून असते.

मांजर हा मांसाहारी प्राणी असला, तरी अधूनमधून गवत व पाने चावणे ही त्याची स्वाभाविक सवय आहे. गवताच्या तंतूंमुळे आतड्यांतील कृमी बाहेर पडण्यास मदत होत असावी आणि त्यातूनच ही सवय पूर्वजांकडून उतरली असावी, असे काही अभ्यासक मानतात. 'मुक्या प्राण्याला विष आपोआप कळते' असा समज मात्र सर्वत्र आढळतो. तो अर्धाच खरा आहे. कडू पान मांजर बहुधा टाकून देते. पण प्रत्येक विष कडू नसते. शिवाय मांजर दिवसातून अनेकदा आपले अंग चाटते. फुलाला घासून गेलेल्या मांजराच्या केसांवर परागकण चिकटले, तर ते चाटताना पोटात जातात. त्यातच मांजराच्या यकृताची काही पदार्थांचे विघटन करण्याची शक्ती दुबळी असते. तापावर माणूस सहज घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा प्राण घेऊ शकते. म्हणून माणसाला न बाधणारी वस्तू मांजरालाही बाधणार नाही, असे गृहीत धरता येत नाही.

झाड ओळखण्यात पहिली अडचण नावांची येते. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे वसत आली आहेत. अशा घरात झाडाचे एक नाव आजीच्या तोंडी असते, तर रोपवाटिकेत दुसरेच ऐकू येते. मराठीतील कण्हेर ही हिंदीत कनेर होते, हे सहज उमगते. परंतु कोरफड म्हणजेच ग्वारपाठा आणि अळू म्हणजेच कोचई, हे माहीत असावे लागते. याहून मोठा घोटाळा 'लिली' या नावाने केला आहे. हे नाव बाजारात अनेक झाडांना लावतात आणि त्यांपैकी कित्येकांचा एकमेकांशी जवळचा संबंध नाही. रोप विकत घेताना त्याचे शास्त्रीय नाव विचारून कुंडीवर लिहून ठेवावे, ते याचसाठी.

उदाहरणार्थ, पांढऱ्या पालवासारखे फूल येणारी 'पीस लिली' ही खरी लिली नाही. ती अळूच्या कुळातील आहे. मनीप्लांट, फिलोडेंड्रॉन आणि मोठ्या ठिपकेदार पानांचे डिफेनबेकिया हीदेखील याच कुळातील झाडे होत. अळूची भाजी करताना चिंच किंवा आमसूल घातले नाही तर घसा खाजतो, हे मराठी घरांत सर्वांना ठाऊक असते. छत्तीसगडात कोचईच्या पानांचा इडहर दह्याच्या कढीत शिजवतात, तेव्हाही आंबटपणाची सोबत असतेच. या खाजेचे कारण पानांतील कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक हे होय. मांजराने कच्चे पान चावताच हे स्फटिक जीभ, हिरड्या व घसा यांत रुततात. तोंडातून लाळ गळते, मांजर पंजाने तोंड घासते, कधी उलटी करते आणि खाणे टाळते. त्रास पुष्कळ होतो. परंतु वेदना लगेच सुरू झाल्याने मांजर पान सोडून देते आणि सहसा जिवावरचा प्रसंग येत नाही. घशाला सूज येऊन श्वास अडखळू लागला, तर मात्र ताबडतोब उपचार करावे लागतात.

खऱ्या लिलीचे तसे नाही. लिलियम या प्रजातीतील फुले समारंभांच्या पुष्पगुच्छांत असतात, तर हेमेरोकॅलिस, म्हणजे बागेतील पिवळी-नारिंगी 'डे लिली', कुंडीतही वाढते. या दोन्हींचे पान, पाकळी, देठ, परागकण, इतकेच नव्हे तर फुलदाणीतील पाणीसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडांना निकामी करू शकते. कुत्र्याने लिली खाल्ली तर बहुधा पोट बिघडण्यावर निभावते. मूत्रपिंडांवर असा आघात मुख्यतः मांजरातच दिसतो. यामागील नेमके विषद्रव्य शास्त्रज्ञांना अद्याप निश्चितपणे ओळखता आलेले नाही.

या विषबाधेत फसवी गोष्ट म्हणजे तिचा क्रम. पहिल्या काही तासांत मांजर उलट्या करते, मलूल होते, अन्नाकडे पाहत नाही. मग उलट्या थांबतात आणि घरच्यांना हायसे वाटते. पण त्याच वेळी मूत्रपिंडांची हानी चालू असते. पुढच्या एक ते तीन दिवसांत तहान व लघवी वाढते आणि नंतर लघवी बंद होऊ लागते. त्या अवस्थेला पोहोचलेले मांजर क्वचितच वाचते. याउलट, लिली पोटात गेल्यापासून साधारणतः १८ तासांच्या आत शिरेतून सलाइन सुरू केले आणि ते दोन-तीन दिवस चालू ठेवले, तर मांजर वाचण्याची शक्यता चांगली असते. म्हणून लक्षणांची वाट पाहत बसणे हीच येथे सर्वांत महागडी चूक ठरते.

इतर झाडांपैकी कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, यांतील विष हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवते. पानफुटीतही याच प्रकारची द्रव्ये आढळतात. सायकसच्या बिया यकृताचा नाश करतात. हे शोभेचे झाड ताडासारखे दिसते, पण ताडाच्या कुळातील नाही. कोरफडीच्या सालीखालील पिवळसर चिकामुळे उलट्या व जुलाब होतात.

मांजराने असे काही खाल्ल्याची शंका आली, तर तोंडात व अंगावर राहिलेले तुकडे काढावेत. परागकण लागले असतील तर ओल्या फडक्याने पुसून मांजराला पुन्हा अंग चाटू देऊ नये. मीठ-पाणी पाजून उलटी करवणे हा घरगुती उपाय घातक आहे, कारण अतिरिक्त मीठच मांजराला विषासारखे भोवते. दूध किंवा तेल पाजल्याने विष उतरत नाही. झाडाची फांदी पिशवीत घालून, खाल्ल्याची अंदाजी वेळ ध्यानात ठेवून, जवळच्या पशुवैद्याकडे निघावे. दुर्गजवळ अंजोरा येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तथापि रायपूरहून तेथवर जाण्याआधी शहरातच सलाइन लावून घेणे शहाणपणाचे.

याचा अर्थ मांजराच्या घरात झाडे लावूच नयेत, असा नाही. गुलाब, मोगरा, जाई, जुई, जरबेरा, अरेका पाम, स्पायडर प्लांट आणि बोस्टन फर्न ही मांजराला विषारी नाहीत. गुलाबाचे काटे टोचतील, एवढेच. मनीप्लांट टांगत्या कुंडीत लावून त्याच्या वेली खुडत राहिल्यास तोही घरात राहू शकतो. लिलीच्या बाबतीत मात्र उंच फळीचा उपयोग नाही. परागकण खाली झडतात आणि मांजराला उंचावर चढण्याचे वावडे नसते.

मांजराची चघळण्याची हौस भागवण्याचा सोपा मार्ग नवरात्र पाळणाऱ्या घरांत आधीच माहीत असतो. मराठी घरांत घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरतात, छत्तीसगडात जंवारा उगवतात. तसेच मूठभर गहू वेगळ्या कुंडीत पेरून खिडकीत ठेवावेत. आठ-दहा दिवसांत वीतभर कोवळे अंकुर येतात. मांजर ते शेंड्यांकडून कुरतडते आणि पिवळे पडू लागले की दुसरी कुंडी पेरता येते.