मज्जेतील पेशींची मोजदाद

वैद्यकीय साहाय्याच्या अर्जांसोबत तपासण्यांची जी पत्रके येतात, त्यांत ‘फ्लो सायटोमेट्री’ हे नाव अलीकडे आढळते. रक्ताच्या कर्करोगाचा रुग्ण असेल तर ते एकदा नव्हे, दोन-तीन वेळाही आढळते. आणि ‘एकदा रोग ठरला, मग पुन्हा हाच खर्च कशासाठी?’ असा प्रश्न सभासद विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर या स्मरणिकेत द्यावे असे आम्हांस वाटले.

आम्ही येथे विचार करतो तो तीव्र मज्जाजन्य रक्तकर्करोगाचा. डॉक्टर यास ‘ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया’ म्हणतात. हाडांतील मगजात रक्ताच्या पेशी जन्म घेतात. या रोगात तेथील काही पेशी कच्च्याच राहतात, कधी वयात येत नाहीत. संख्येने मात्र वाढत जातात आणि निरोगी पेशींस जागा उरत नाही. मग पंडुरोग, अंगावर रक्ताचे डाग, न हटणारा ताप. मगजात अशा कच्च्या पेशी शेकडा २० किंवा अधिक आढळल्या की सामान्यतः निदान पक्के होते. काही विशिष्ट जनुकीय दोष असल्यास त्याहून कमी असल्या तरीही.

सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कच्ची आहे एवढे दिसते. ती कोणत्या कुळीची हे पुष्कळदा उमगत नाही, आणि औषधयोजना तर कुळीवरच अवलंबून! पेशीच्या पृष्ठभागावर निरनिराळी प्रथिने असतात व त्यांस सी.डी. क्रमांक दिलेले आहेत. त्या त्या प्रथिनास नेमके चिकटणारे प्रतिपिंड, चमकणारा रंग जोडून, नमुन्यात मिसळतात. मग द्रवाच्या बारीक धारेतून पेशी एकामागून एक लेसर किरणासमोरून जातात. माउलीच्या देवळात दर्शनाची रांग असावी आणि उंबरठ्यापाशी बसलेल्याने प्रत्येकाच्या कपाळीचे गंध व टोपीचा रंग टिपून घ्यावा, तसा हा प्रकार. फक्त ही रांग सेकंदास हजारोंच्या गतीने सरकते. सी.डी. १३, ३३, ११७ अशा खुणा उमटल्या तर पेशी मज्जाकुळीची, सी.डी. १९ व तिच्या जोडीच्या खुणा असतील तर रोग बहुधा निराळा.

धारेतील पेशी मोजण्याच्या युक्तीचे पेटंट वॉलेस कोल्टर यांना १९५३ साली मिळाले. १९७५ साली कोहलर व मिलस्टाइन यांनी एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तेवढे तयार करण्याची वाट दाखविली. या दोहोंच्या संगमातून आजची तपासणी उभी राहिली.

या रोगाचा एक पोटप्रकार फार घातकी आहे. त्यात रक्तस्रावाने काही दिवसांतच प्राण जाऊ शकतो. अशा पेशींवर सी.डी. ३४ आणि एच.एल.ए.-डी.आर. या खुणा बहुधा नसतात, आणि त्यावरून डॉक्टर सावध होतात. जनुकीय तपासणीने खात्री होण्याची वाट न पाहता ते ‘अ’ जीवनसत्त्वाच्या जातीचे औषध सुरू करतात. त्याच्या जोडीस देतात तो चक्क सोमल! वेळेवर उपचार मिळाल्यास या प्रकारचे बहुसंख्य रुग्ण बरे होतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. निदानाच्या वेळी शरीरात रोगट पेशी सुमारे एक लक्ष कोटी असू शकतात. औषधांच्या फेऱ्यांनंतर मगजात कच्च्या पेशी शेकडा ५ पेक्षा कमी झाल्या आणि रक्त सावरले की रोग ओसरला असे म्हणतात. घरी पेढे वाटले जातात. परंतु अशा वेळीही शंभर कोटी किंवा त्याहून अधिक रोगट पेशी शिल्लक असू शकतात, आणि सूक्ष्मदर्शकास त्या ओळखू येत नाहीत. दुसरी तपासणी ह्या लपलेल्या पेशींची. बहुधा दोन फेऱ्यांनंतर ती करतात. पाच लाखांहून अधिक पेशी यंत्रापुढून नेऊन हजारांत, कधी दहा हजारांत एक अशी रोगट पेशी हुडकतात. हजारांत एक वा अधिक सापडल्यास रोग उलटण्याचा धोका मोठा. मग भावंडाच्या मज्जेचे प्रत्यारोपण करावे काय, हा विचार पुढे येतो. भारतात असे पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाले.

तेव्हा पहिली तपासणी रोगाचे नाव सांगते, दुसरी उपचाराची पुढची दिशा ठरविते. दुसरीचा खर्च आमच्या मते पहिलीइतकाच मंजूर व्हावा. ती निर्दोष आली तरी औषधे मधेच सोडू नयेत. कारण रोगट पेशी कधी आपल्या खुणा बदलतात, आणि काही प्रकारांत जनुकीय तपासणीच अधिक सूक्ष्म ठरते.

नमुना इकडे काढून मुंबईस पाठवावयाचा झाल्यास दोन गोष्टी डॉक्टरांस आधी विचाराव्यात. या दुसऱ्या तपासणीसाठी मगजाचा पहिलाच उपसा राखून ठेवतात. नंतरच्या उपशात रक्त मिसळून मोजणी फसते. नमुना गोठू देऊ नये व शक्यतो एक-दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोहोचवावा. म्हणून शनिवारी काढण्यापूर्वी रविवारी तेथे तो घेणारे कोणी आहे काय, याची चौकशी करावी. निदानाच्या वेळचा अहवाल सोबत पाठवावा. मुळातल्या रोगट पेशींच्या खुणा त्यातच नोंदलेल्या असतात.