कोंडीत सापडलेली धामण शांत कशी होते?

रनाळ्याच्या शिवारात पऱ्हाट्यांचा ढीग उचलताना धामण निघाली, की आधी काठी शोधली जाते. मंडळी, थांबा! धामण बिनविषारी आहे आणि उंदीर फस्त करते. कोंडीत सापडली की मात्र ती गुरगुरल्यासारखा आवाज काढते, शेपटी पाचोळ्यावर थरथरवते, अंगावर झेपही घेते. मान फुगवते तीही नागासारखी पसरट नाही, तर उभी. हा राग नाही, निव्वळ भीती आहे.

लांब सरका, गर्दी हटवा, पाय आपटू नका. जमिनीची कंपनं तिला लगेच जाणवतात. जाणकार सर्पमित्र मानेला हातच लावत नाहीत. पाइपच्या एका टोकाला कापडी पिशवी बांधून दुसरं टोक तिच्यासमोर ठेवतात. अंधारं बीळ दिसलं की ती आपणहून आत शिरते. फार सुंदर दृश्य असतं ते!

‘शांत झाली, आता पाळू का?’ अजिबात नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार तो गुन्हा आहे.

ओळख पटत नसेल तर साप विषारीच समजा. वनविभागाच्या 1926 क्रमांकावर फोन करा आणि मदत येईपर्यंत लांबूनच नजर ठेवा.