लांडगे किती असावेत?

आमच्या इमारतीत पाण्याची टाकी गच्चीवर आहे आणि पंप तळमजल्यावर. पंप सुरू केला की कोणीतरी गच्चीवर जाऊन उभे राहायचे आणि टाकी भरली की वरून ओरडायचे, "बंद करा!" खालचा माणूस ते ऐकतो, चपला शोधतो, पंपाच्या खोलीचे कुलूप काढतो आणि बटण दाबतो. तोवर पाणी जिन्यातून खाली उतरलेले असते. आता यात चूक कोणाची? पाहणाऱ्याची नजर ठीक आहे, पंप ठीक आहे, बटण दाबणाराही ठीक आहे. चूक आहे ती खबर आणि कृती यांच्यामध्ये गेलेल्या वेळाची.

विद्यार्थी मित्रांनो, अगदी हेच फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात घडले. फरक इतकाच, की तेथे पाण्याच्या जागी लांडगे होते.

विस्कॉन्सिन हे अमेरिकेच्या उत्तर भागातील, सुपीरियर सरोवराच्या काठचे राज्य. दक्षिणेकडे शेती आणि दुभत्या गाईंचे गोठे, उत्तरेकडे दाट जंगल. या जंगलात करडा लांडगा पूर्वीपासून राहत होता. माणसाने शेती व गुरे वाढवली तसा तो शत्रू ठरला. १८६५ पासून १९५७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ शतकभर, लांडगा मारणाऱ्याला तेथे सरकारी इनाम मिळत असे. परिणाम व्हायचा तोच झाला. १९६० च्या सुमारास विस्कॉन्सिनमध्ये लांडगा उरला नाही.

पुढे १९७३ साली अमेरिकेत धोक्यात आलेल्या प्राण्यांसाठी कायदा झाला आणि १९७४ साली त्याचे संरक्षण लांडग्याला मिळाले. शेजारच्या मिनेसोटा राज्यात थोडे लांडगे शिल्लक होते. त्यांतले काही आपल्या पायांनी चालत विस्कॉन्सिनमध्ये आले. कोणी आणून सोडले नाहीत, हे ध्यानात ठेवा. १९८० साली त्यांची संख्या होती अवघी २५. सन २००० मध्ये ती सुमारे २५० झाली आणि २०२० च्या हिवाळ्यात हजारावर गेली.

या तीन आकड्यांशी थोडे खेळू या. पहिल्या वीस वर्षांत संख्या दसपट झाली. म्हणजे दरसाल सुमारे बारा टक्के वाढ. पुढच्या वीस वर्षांत ती चौपट झाली, म्हणजे दोनदा दुप्पट. दुप्पट व्हायला दहा वर्षे. चक्रवाढ व्याजाचा एक सोपा नियम आहे: ७० ला दुप्पट होण्याच्या काळाने भागले की टक्केवारी मिळते. ७० भागिले १० म्हणजे ७ टक्के. वाढीचा वेग मंदावला, तो का? मधल्या काळात तीन शिकारीचे हंगाम झाले होते (२०१२, २०१३ व २०१४ मध्ये अनुक्रमे ११७, २५७ आणि १५४ लांडगे मारले गेले), हे एक कारण. दुसरे असे, की लांडग्यांची प्रत्येक टोळी आपापला मुलूख राखून असते. टोळीत बहुधा एकच जोडी पिले घालते. सगळे मुलूख भरत आले की नव्या जोडीला जागा मिळत नाही. जंगल स्वतःच वाढीला लगाम घालते.

आता २०२१ कडे येऊ. त्या वर्षीच्या जानेवारीत केंद्र सरकारने लांडग्याचे संरक्षण काढून घेतले. विस्कॉन्सिनमध्ये २०१२ पासून असा कायदा आहे, की संरक्षण नसेल तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात लांडग्याच्या शिकारीचा हंगाम ठेवलाच पाहिजे. राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याला नोव्हेंबरपर्यंत थांबून नीट तयारी करायची होती. शिकाऱ्यांची एक संघटना न्यायालयात गेली आणि न्यायालयाने हंगाम फेब्रुवारीतच घ्यायला लावला. खात्याच्या हाती काही दिवसच उरले. संख्या वाढू नये आणि घटूही नये अशा हिशेबाने खात्याने २०० लांडग्यांची मर्यादा ठरवली. त्यांपैकी ८१ ओजिब्वे या मूळनिवासी जमातींच्या वाट्याचे, कारण १८३७ व १८४२ च्या तहांनी उत्तरेकडील प्रदेशातले शिकारीचे हक्क त्यांनी राखून ठेवलेले आहेत. बाकीचे ११९ परवानाधारक शिकाऱ्यांसाठी.

हंगाम सुरू झाला सोमवार दि. २२ फेब्रुवारीला. जमिनीवर बर्फ होते, त्यामुळे माग स्पष्ट दिसत होते. शिकारी कुत्र्यांना परवानगी होती, रात्रीच्या शिकारीलाही होती. बुधवारी दुपारी तीन वाजेपर्यंत सगळे विभाग बंद करावे लागले, कारण मारलेल्या लांडग्यांचा आकडा २१८ वर पोहोचला होता. मर्यादा ११९ ची! राज्य व जमाती यांची एकत्र २०० ची मर्यादासुद्धा एकट्या परवानाधारकांनी ओलांडली.

शिकारी बेशिस्त होते का? नियमाप्रमाणे पाहिले तर बहुतेकांनी काही मोडले नाही. नियमच असा होता, की विभाग बंद करण्यापूर्वी चोवीस तासांची सूचना द्यायची. शिवाय शिकार नोंदवायलाही शिकाऱ्याला चोवीस तासांची मुदत होती. आता कागद-पेन्सिल घ्या. साधारण ६० तासांत २१८, म्हणजे तासाला सुमारे ३.६. वेग सारखाच होता असे धरले, तर सूचनेच्या चोवीस तासांत आणखी ८७ लांडगे मरणार. म्हणून ११९ वर थांबायचे तर "बंद करा" ही आरोळी ३२ वा लांडगा पडला तेव्हाच, म्हणजे पहिल्या नऊ तासांत, द्यायला हवी होती. आणि त्या वेळी खात्याच्या वहीत ३२ ची नोंद तरी झाली होती का? नोंदीलाच एक दिवसाची सवलत! पंपाच्या खोलीचे कुलूप येथे होते. प्रयोगशाळेत तापमान नियंत्रित करणारे उपकरण जुळवताना आम्ही विद्यार्थ्यांना हेच सांगतो: क्रिया जलद आणि खबर संथ असेल, तर काटा ठरलेल्या खुणेवर थांबणार नाही, पुढे जाईलच.

आणखी एक गोष्ट. फेब्रुवारी हा लांडग्यांच्या मीलनाचा काळ. गर्भधारणेनंतर सुमारे ६३ दिवसांनी, एप्रिलच्या आसपास, पिले जन्मतात. त्या तीन दिवसांत मेलेल्या माद्यांपैकी काही गाभण असणार आणि काही टोळ्यांची मुख्य जोडी फुटली असणार. हा तोटा २१८ या आकड्यात दिसत नाही.

मग प्रत्यक्षात संख्या किती घटली? येथे शास्त्रज्ञांचे एकमत नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातील एड्रियन ट्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एप्रिल २०२० ते एप्रिल २०२१ या वर्षात २७ ते ३३ टक्के घट झाल्याचा अंदाज मांडला. त्यात त्यांनी कोणाला न दिसणाऱ्या चोरट्या शिकारीचाही हिशेब धरला. खात्याचा अंदाज मात्र ११२६ वरून पुढच्या हिवाळ्यात ९७२, म्हणजे सुमारे १४ टक्के घट. एवढा फरक? नीट पाहा, दोन्ही आकडे एकाच मुहूर्ताचे नाहीत. पहिला वसंतात नवी पिले येण्याआधीचा, दुसरा पिले येऊन वाढल्यानंतरच्या हिवाळ्यातला. वर्तमानपत्रांनी मात्र दोन्ही शेजारी शेजारी छापले आणि वाचकांनी आपल्याला आवडेल तो उचलला.

लांडगे मोजणे ही मुळातच अवघड बाब. बर्फावरचे माग, गळ्यात रेडिओ पट्टा बांधलेल्या लांडग्यांच्या हालचाली आणि त्यांवरून गणिताने काढलेली संख्या, असा तो प्रकार आहे. मोजमापात चूक असते हे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. पण ती चूक किती महाग पडू शकते ते पाहा. समजा लांडगे १००० आहेत आणि वाढ दरसाल ७ टक्के. मग दरवर्षी ७० मारले तर संख्या कायम राहील. परंतु खरे लांडगे ९०० च असतील तर? वाढ ६३ ची आणि शिकार ७० ची. पहिल्या वर्षी केवळ ७ ची तूट. ही तूटही चक्रवाढीने वाढते. दहा वर्षांनी लांडगे ८००, वीस वर्षांनी ६००, तिसाव्या वर्षी २५० हून कमी आणि चौतिसाव्या वर्षाच्या सुमारास शून्य! खऱ्या जंगलात इतके सरळ घडत नाही. संख्या घटली की मुलूख मोकळे होतात आणि वाढ पुन्हा जोर धरते, आणि शहाणे खाते दरवर्षी मोजून मर्यादा बदलते. तरीसुद्धा दहा टक्क्यांची चूक कोठे नेऊ शकते हे हा हिशेब दाखवतो.

शेतकऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. ज्याचे वासरू रात्री फाडले जाते त्याला राज्यभरच्या सरासरीशी काय करायचे? विस्कॉन्सिन सरकार भरपाई देते. लांडग्यांनी मारलेल्या शिकारी कुत्र्यासाठीसुद्धा २५०० डॉलरपर्यंत देते. पण भरपाईसाठी आधी पुरावा लागतो, आणि जंगलात नाहीसे झालेले वासरू पुरावा ठेवत नाही.

लांडगे मारल्याने गुरे वाचतात का, हा तर याहून गमतीचा प्रश्न. २०१४ साली वीलगस आणि पीबल्स या दोघांनी मोंटाना, वायोमिंग व आयडाहो या राज्यांची पंचवीस वर्षांची आकडेवारी तपासून म्हटले, की लांडगे मारले की पुढच्या वर्षी गुरांवरचे हल्ले उलट वाढतात. टोळ्या फुटतात, नव्या जोड्या जमतात, असे त्याचे संभाव्य कारण. दोन वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी तीच आकडेवारी घेतली. लांडगे, त्यांची शिकार आणि मेलेली गुरे या तिन्ही गोष्टी वर्षांबरोबर वाढतच होत्या. ती वाढ हिशेबात वेगळी काढल्यावर निष्कर्ष उलटा आला. दोन राशी एकाच वेळी वाढल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे आपण वर्गात शिकतो. तज्ज्ञांनाही ते पुनःपुन्हा शिकावे लागते!

आता जमेची बाजू. विस्कॉन्सिनमध्ये हरणे मोटारींसमोर येऊन पुष्कळ अपघात होतात. जेनिफर रेनॉर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवले, की ज्या भागांत लांडगे आले तेथे हे अपघात सरासरी २४ टक्क्यांनी कमी झाले. लांडग्यांनी हरणे खाऊन संपवली म्हणून नव्हे. लांडगे रस्ते आणि पायवाटांच्या कडेने फिरतात, त्यांच्या भीतीने हरणे तेथून दूर राहतात, हे मुख्य कारण. शिकाऱ्याची बंदूक ही भीती निर्माण करू शकत नाही, कारण बंदूक वर्षातून थोडे दिवस येते आणि लांडगा रोज रात्री. या बचतीची किंमत गुरांच्या सिद्ध झालेल्या नुकसानीच्या ६३ पट भरली. आकडा भुलवणारा आहे खरा, पण एक पाहा: बचत होते ती हजारो मोटारवाल्यांची, प्रत्येकाची थोडी थोडी, आणि कोणालाही ती जाणवत नाही. नुकसान होते ते मोजक्या गोठ्यांचे, आणि ते नावानिशी कळते. ६३ ने गुणून हे गणित मिटत नाही.

मग लांडगे किती असावेत? १९९९ च्या राज्य योजनेत ३५० हा आकडा होता. पुष्कळ शिकारी आणि शेतकरी आजही तो धरून बसले आहेत. दुसरे म्हणतात, हजार लांडगे जंगलाने पोसून दाखवले, मग ३५० कशासाठी? आणि ओजिब्वे लोकांना हा प्रश्नच विचित्र वाटतो. त्यांच्या परंपरेत लांडगा, म्हणजे 'मइंगन', हा पहिल्या मानवाचा भाऊ. दोघांनी मिळून पृथ्वी पालथी घातली, आणि एकाचे जे होईल तेच दुसऱ्याचे होईल असे त्यांना सांगितले गेले. आपल्या वाट्याचे ८१ लांडगे त्यांनी मारले नाहीत. जगावेत म्हणूनच तो वाटा त्यांनी घेतला होता. ते लांडगे दुसऱ्यांच्या बंदुकीने मेले.

पंप केव्हा बंद करायचा हे गणित सांगू शकते. टाकीत पाणी कोणत्या खुणेपर्यंत हवे हे घरातल्या माणसांनी आपसात ठरवायचे असते, आणि विस्कॉन्सिनच्या घरात तेच ठरत नाही. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने लांडग्याच्या शिकारीला बंदी आहे, त्यामुळे दरसालच्या मर्यादेचा हा वाद आपल्याकडे या रूपात येत नाही.

२०२१ च्या शरद ऋतूसाठी राज्याच्या मंडळाने ३०० ची मर्यादा ठरवली होती, खात्याने १३० सुचवली होती. पण ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने तो हंगामच रोखला. १० फेब्रुवारी २०२२ रोजी केंद्रीय न्यायालयाने लांडग्याला संरक्षण परत दिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्याने नवी योजना मंजूर केली. तीत ३५० नाही आणि दुसरा एकच आकडाही नाही. साधारण ८०० ते १२०० च्या दरम्यान संख्या राहावी आणि दरवर्षी पाहून ठरवावे, असे तिचे धोरण आहे. एकच आकडा हवा म्हणणाऱ्यांना हे पटले नाही. हिवाळ्यात बर्फ पडले, की मागमोजणी करणारे तेथील जंगलवाटांवर फिरून पावलांचे ठसे शोधत असतात.