शुक्रवारची पेटी

पोस्टर चिकटवून झालं, फेविकॉल वाळलं, आणि शेजारी चहा पीत बसलेला मित्र म्हणाला, "तुझ्या गावात 'मुघल-ए-आझम' लागला कसा? अजून मुंबईतच आलेला नाही."

त्याचं बरोबर होतं. माझ्या टेबलावर शुक्रवार आहे, २२ जानेवारी १९६०. 'मुघल-ए-आझम' मराठा मंदिरात लागला त्या वर्षीच्या ५ ऑगस्टला. माझ्या गावातल्या कुणीही अजून तो पाहिलेला असणं शक्य नव्हतं. मी ब्लेडच्या टोकानं पोस्टर खरवडून काढलं. भिंतीचा रंगही थोडा निघाला, तो तसाच ठेवला. टॉकीजच्या भिंतीवर जुन्या पोस्टरचे ओरखडे असायचेच.

छोट्या रेल्वेचा हा नाद मला पुण्याला कोथरूडमध्ये लागला. भाऊ जोशींनी उभं केलेलं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून तिथं आहे. पुढं घरात प्लायवूडचं टेबल आलं आणि त्यावर एक जंक्शन वसलं. साचा कुर्डुवाडीचा, पण गाव कुर्डुवाडी नव्हे. एका बाजूनं मुंबई-सोलापूरची मोठी लाइन, दुसऱ्या बाजूनं बार्शी लाइट रेल्वेची छोटी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ मध्ये सुरू केलेली ही अडीच फुटी गाडी पुढं पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. १९५४ मध्ये सरकारनं ती ताब्यात घेतली. म्हणजे माझ्या शुक्रवारी डब्यांवर मध्य रेल्वेचंच नाव हवं. लोक मात्र तिला बार्शी लाइटच म्हणणार.

माप एकास सत्त्याऐंशी. या मापात बार्शीचा ७६२ मिलिमीटरचा रूळ पावणेनऊ मिलिमीटर भरतो आणि बाजारात तयार मिळणारा ९ मिलिमीटरचा रूळ त्याला जवळपास चपखल बसतो. फसवणूक होते ती मोठ्या लाइनची. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची, म्हणजे टेबलावर सव्वाएकोणीस हवी. पण जगभरच्या तयार गाड्या साडेसोळावर धावतात, कारण त्या परदेशी रुळांच्या मापानं बनतात. जवळपास सगळे हौशी इथं डोळेझाक करतात, मीही केली. रुळांत पावणेतीन मिलिमीटरची लबाडी पचवणारा माणूस एका पोस्टरच्या साडेसहा महिन्यांसाठी भिंत खरवडतो, याचं घरच्यांना हसू येतं.

टॉकीज स्टेशनसमोर हवी हे आधीपासून ठरलेलं होतं. ऐंशी फूट लांब, चाळीस फूट रुंद असा तालुक्याच्या गावाला शोभेल तो हॉल धरला. मापात तो २८० बाय १४० मिलिमीटर झाला. तेवढी जागा टांगा स्टँड आणि चिंचेच्या झाडानं आधीच अडवली होती. मग या धंद्यातली जुनी युक्ती केली: दर्शनी बाजू पूर्ण मापाची, पाठीमागचा हॉल २०० मिलिमीटरवर तोडलेला. गाडीतून बघणाऱ्याला पुढचीच बाजू दिसते.

भिंतींनी मात्र सुखद धक्का दिला. काळ्या दगडाची जुनी भिंत साधारण दीड फूट जाड असते. दीड फूट म्हणजे या मापात पाच मिलिमीटर, आणि दुकानात पाच मिलिमीटरचा सनबोर्ड आयता मिळतो. रिकाम्या बॉलपेननं त्यावर दगडांच्या रेघा दाबल्या. घडीव दगडाचा थर सरळ असतो, पण उभे सांधे एकाखाली एक येता कामा नयेत. गवंडी ते टाळतो, मलाही टाळावे लागले. वर काळपट राखाडी रंग, आणि तो वाळल्यावर भिंतीची लांबी पाण्यात कालवून बोटानं सांध्यांत भरली, वरची ओल्या फडक्यानं पुसली. चुन्याच्या दरजा दिसू लागल्या. दर्शनी भिंतीला तेवढा गिलावा, मधोमध उभी पट्टी आणि दोन्ही बाजूंना उतरत्या पायऱ्या. मुंबईत रीगल, इरॉस, मेट्रो ही थिएटरं तिशीच्या दशकात उभी राहिली, आणि त्यांच्या या थाटाची नक्कल पुढं गावोगावच्या टॉकीजनी आपापल्या ऐपतीप्रमाणे केली. पुढून मुंबई, मागून धान्याचं गोदाम.

गोदामाचं छप्पर सिमेंटच्या नालीदार पत्र्याचं. तसा पत्रा या मापात तयार मिळेना. खऱ्या पत्र्याच्या दोन उंचवट्यांतलं अंतर १४६ मिलिमीटर, म्हणजे आपल्याला १.७ हवं. हार्डवेअरच्या दुकानात बारा मिलिमीटरचा आटे पाडलेला रॉड मिळतो, त्याचे आटे १.७५ मिलिमीटरवर असतात. जेवणाच्या पार्सलच्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा तळ कापला, जुन्या रबरी चपलेवर ठेवला आणि वरून तो रॉड दाबून लाटण्यासारखा फिरवला. पन्हाळ्या झकास उठल्या, पण तिरप्या. आटे मुळात तिरकेच असतात, तो जेमतेम तीन अंशांचा कल पत्र्यात उतरला होता. तीन पत्रे वाया घालवल्यावर अक्कल आली. पन्हाळीला काटकोनात गुण्या धरायचा आणि पत्राच तेवढा तिरपा कापायचा.

छप्पर बसवण्याआधी ऑपरेटरकाकांना दाखवायला नेलं. त्यांनी उमेदीची वर्षं सोलापूर भागातल्या टॉकीजमध्ये मशीन चालवण्यात काढली. हयात असेपर्यंत ऑपरेटर हीच त्यांची ओळख राहणार. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मशीनरूमच्या भिंतीवर बोट ठेवलं.

"दोनच भोकं? अहो, मशीनं दोन, मग भोकं चार. एक उजेडाला, एक डोळ्याला."

रीळ हजार फुटांचं, पडद्यावर अकरा मिनिटं चालतं. चौदा रिळांचा सिनेमा अडीच तासांच्या वर जातो. एक रीळ संपत आलं की चित्राच्या कोपऱ्यात ठिपका चमकतो. तो दिसताच दुसरं मशीन सुरू करायचं. म्हणून प्रत्येक मशीनला प्रकाशाच्या झरोक्याशेजारी बघायचा झरोका. शिवाय प्रत्येक झरोक्यावर लोखंडी झडप हवी. जुनी फिल्म नायट्रेटची, पेटली की पाण्यालाही दाद न देणारी. आग लागलीच तर झडपा खाली पडून हॉल वाचावा, ही त्यामागची योजना. माझ्या शुक्रवारपर्यंत न पेटणारी फिल्म आलेली होती, पण इमारती आगीच्या धाकातच बांधलेल्या. मशीनरूमचा जिना म्हणूनच बाहेरून. तो मी पितळी तारेचा केला. झरोके सुईनं पाडले, झडपा सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाच्या.

उजेडाबद्दलही काकांनीच डोळे उघडले. मी सगळीकडे एकसारखे पिवळे एलईडी लावले होते. बुकिंगच्या खिडकीवर, व्हरांड्यात, सायकल स्टँडवर पिवळे ठीकच, त्यांच्यावर आणखी नारिंगी काचरंगाचा हात दिला. मागच्या शेडमधल्या ऑइल इंजिनवर चालणारे दिवे तसे मंदच असत. पण मशीनमध्ये दिवा नसे. दोन कार्बनच्या कांड्यांची टोकं जवळ आणून त्यांच्यामध्ये ठिणगी पेटती ठेवत, तिचा उजेड दुपारच्या उन्हासारखा पांढरा. जी पांढरीफटक एलईडी मी 'काळाला शोभत नाही' म्हणून बाजूला टाकली होती, ती नेमकी त्या एका झरोक्यामागे बसली. सगळं गाव पिवळं आणि एकच ठिपका पांढरा.

दरफलक लिहिताना कॅलेंडर पुन्हा आडवं आलं. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, त्यामुळं फलकावर नये पैसे हवेत. पण बुकिंगपुढच्या रांगेत सगळे चार आणे, आठ आणेच म्हणत असणार. मी २५, ५० आणि ७५ नये पैसे लिहिले: खाली बसणारे, बाकडं आणि खुर्ची. बायकांची बाजू वेगळी, तिचं दारही वेगळं. इमारतीचं नाव लिहायला मात्र धजलो नाही. दोन फुटी अक्षरं मापात सात मिलिमीटरची होतात. संगणकावरचा टंक त्या जागी लगेच उपरा दिसला, म्हणून तीन केसांच्या ब्रशनं 'टॉकीज' एवढंच रंगवलं. आधीच्या शब्दावर लिंबाची फांदी आली आहे. गावातही लोक 'टॉकीजला जाऊन येतो' एवढंच म्हणत.

खरवडलेल्या जागी आता 'सांगत्ये ऐका' आहे. १९५९ चा हा सिनेमा पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला, म्हणजे माझ्या शुक्रवारी तिकडे त्याचा मुक्काम हललेलाच नव्हता. पोस्टर तीस बाय चाळीस इंची. कापायला घेतलं तेव्हा रुंदी पावणेनऊ मिलिमीटर आली आणि आकडा ओळखीचा वाटला. तीस इंच म्हणजे अडीच फूट. पोस्टर बार्शी लाइटच्या रुळांएवढंच रुंद होतं. योगायोगच, पण ते मी रुळांवर आडवं ठेवून पाहिलं आणि बराच वेळ तसंच राहू दिलं.

सिनेमा अशा गावात यायचा तोही रुळांवरूनच. पत्र्याच्या पेट्यांत रिळं भरून पेटी पार्सलच्या डब्यात चढायची, जंक्शनवर उतरायची, हातगाडीवरून टॉकीजला जायची. गाडीला उशीर झाला की खेळाला उशीर. तशा दोन पेट्या मी केल्या, प्रत्येकी चार-साडेचार मिलिमीटरच्या, आणि स्टेशनबाहेर हातगाडीवर ठेवल्या. मागं टांग्यावर दोन्ही बाजूंना पोस्टर लावून जाहिरातवाला. खोली अंधारी करून बटण दाबलं. व्हरांडा पिवळा झाला, झरोका पांढरा.

काका टेबलापाशी वाकले. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"पेट्या तर अजून रस्त्यावर आहेत," ते म्हणाले. "मग वर कोण काय दाखवतंय?"

त्या झरोक्याला आता वेगळं बटण आहे. संध्याकाळी गाडी फलाटाला लागली की मी चिमट्यानं एकेक पेटी उचलतो, हातगाडीवर ठेवतो, रस्ता ओलांडून बाहेरच्या जिन्यानं वर नेतो. दोन्ही पेट्या आत गेल्या की मगच पांढरा दिवा.