सर्वांत छोटा पक्षी ओळखायचा कसा?

तुमच्यापैकी बरेच जण मला फोटो पाठवतात, ‘सर, आमच्या जास्वंदीवर हमिंगबर्ड आलाय.’ तो शिंजीर असतो. हमिंगबर्डचं कुळ फक्त अमेरिकेच्या दोन्ही खंडांत आणि तिथल्या बेटांवर आढळतं. आज त्यातल्या सर्वांत छोट्या पक्ष्याबद्दल बोलू. त्याचं नाव बी हमिंगबर्ड. तो फक्त क्युबात राहतो.

नराची लांबी साधारण साडेपाच सेंटिमीटर, वजन जेमतेम २ ग्रॅम. आपलं एक रुपयाचं नाणंही याहून जड भरतं. मग ओळखणं सोपंच, असं वाटेल. पण क्युबात एमरल्ड नावाचा दुसरा हमिंगबर्डही आहे आणि तो जागोजागी दिसतो. तो आपल्या शिंजिराएवढा, सुमारे १० सेंटिमीटर. म्हणजे जवळपास दुप्पट. तरी फसगत होते, कारण पक्षी किती लांब आहे हे कळलं नाही तर तो केवढा आहे हेही कळत नाही. फौजेत अंतराचा अंदाज घ्यायला शिकताना हा धडा आम्ही पुन्हा पुन्हा गिरवला.

म्हणून क्रम ठरवून घ्या. आधी शेपटी पाहा. एमरल्डची लांब आणि टोकाला दुभंगलेली, बीची आखूड. मग चोच. बीची आखूड, सरळ, काळी. एमरल्डची लांब, खालचा भाग गुलाबीसर. मग पोट. एमरल्डचा नर खालूनही हिरवा असतो, बीचं पोट राखाडी-पांढरं.

रंग सगळ्यात शेवटी. बीच्या नराचं डोकं आणि गळा लाल झळकतो खरा, पण ती झळाळी पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे येते. उजेडाचा कोन बदलला की तोच गळा काळा दिसतो. विणीचा हंगाम सरल्यावर तर लाल उरतच नाही. आणि मादीला तो नसतोच.

क्युबातले लोक एमरल्डला ‘सुनसुन’ म्हणतात आणि बीला ‘सुनसुनसितो’, म्हणजे छोटा सुनसुन.

एवढा काथ्याकूट कशाला? जंगलं तोडून शेती झाली, तसा हा पक्षी सापाता दलदलीसारख्या मोजक्या भागांत विखुरला. एमरल्डची नोंद बी म्हणून झाली, तर कागदावर पक्षी भरपूर आणि रानात नाहीत, असं होईल. दुसऱ्या कुठल्या देशातून तो परत आणता येणार नाही.

तेव्हा खात्री नसेल तर ‘ओळख पटली नाही’ असं सरळ लिहा. तीही चांगलीच नोंद आहे. भेटू पुढच्या भागात. जय हिंद!